कामठीचा माग आणि जीवाणूंचं इन्सुलिन

नागपूरहून आले म्हटल्यावर पुण्यात जो तो एकच विचारतो, "संत्री आणलीत का?" आणली. टोपलीभर आणली आणि वाटूनही टाकली. व्याख्यान कसं झालं हे मात्र कुणी विचारत नाही, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. शिवाय ती हकीकत तोंडी सांगायला लागले की मधेच माझा आवाज बसतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बाईंना प्रवासात थंडी बाधली.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. गेली काही वर्षं एकाच विषयानं मला झपाटलं आहे. एका जीवाचं जनुक कापून दुसऱ्याच्या पेशीत जोडायचं, किंवा जनुकच प्रयोगशाळेत नव्यानं घडवायचं, आणि साध्यासुध्या जीवाणूकडून हवं ते बनवून घ्यायचं. या शास्त्राला मराठीत अजून धड नावही नाही. कुणी जनुक अभियांत्रिकी म्हणतं, कुणी कृत्रिम जीवशास्त्र म्हणतं. नागपूरच्या एका लहानशा विज्ञान मंडळाचे चिटणीस मेश्राम सर यांनी मला याच विषयावर बोलायला बोलावलं. स्वतः ते कॉलेजात रसायन शिकवतात. "ऐकायला डॉक्टर असतील, खाणीतले इंजिनिअर असतील, झाडापानांचे अभ्यासक असतील," त्यांनी बजावलं होतं, "सगळ्यांना समजलं पाहिजे." मी चांगल्या रंगीत स्लाइड करून घेतल्या आणि त्र्याऐंशीच्या जानेवारीच्या थंडीत गाडीत बसले.

नागपूर

मेश्राम सर स्टेशनावर कानाला मफलर गुंडाळून उभे होते. हातात त्यांनीच छापून घेतलेली हस्तपत्रकं. त्यावर माझं नाव, आणि नावापेक्षा मोठ्या अक्षरांत: "यापुढे इन्सुलिन जनावरांपासून नव्हे, जीवाणूंपासून!" मला जरा गुदगुल्या झाल्या. इतक्या मोठ्या अक्षरांत पुण्यात माझ्याविषयी काही छापलं गेल्याचं आठवत नाही.

त्यांच्या घरी पोहोचल्या पोहोचल्या पोहे आले. पोहे म्हटल्यावर मी ओल्या खोबऱ्याची आणि कोथिंबिरीची वाट पाहत होते. विमलताईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, माझ्या बशीवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला कान गरम झाले, आणि तिसऱ्यानंतर मी बशी पुढे केली.

"आणखी पाह्यजे?" विमलताई हसल्या. "मले वाटलं पुण्याच्या बाई पाणी मागतीन."

"पाणीही द्या आणि पोहेही द्या," मी म्हटलं.

चहा घेऊन आली ती सुजाता. सरांच्या थोरल्या भावाची मुलगी. भावाचं घर कामठीला, पण कॉलेजसाठी ती काकांकडे राहते. एकोणीस वर्षांची, बारीक अंगाची, आणि डोळे असे की आपण काही चुकीचं बोललो तर लगेच तिच्या लक्षात येईल. सगळ्यांच्या चहात साखर, हिच्या चहात नाही. मोरीजवळच्या कोपऱ्यात एक लहान मडकं ओलं फडकं गुंडाळून ठेवलं होतं. मला वाटलं पाण्याचं, म्हणून मी पेला घेऊन वळले.

"त्यात पाणी नाही जी," सुजाता म्हणाली. "माहं औषध आहे त्यात. फ्रीज नाही न आपल्याकडे."

मडक्यात इन्सुलिनची बाटली होती. लहानपणीच तिला मधुमेह जडला. तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, त्यामुळे रोज सुई टोचून घ्यावी लागते. बाजारातलं इन्सुलिन गायीबैलांच्या किंवा डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं आणि ते काहींच्या अंगाला मानवत नाही. तिनं बाही वर केली. दंडावर एकीकडे लाल गाठी, एकीकडे मांस आत गेल्यासारखे खळगे. पुस्तकात मी हे वाचलं होतं. एखाद्या मुलीच्या दंडावर पाहिलं नव्हतं.

"मॅडम, थे नवीन इन्सुलिन नागपुरात भेटते का?"

"नाही गं. परदेशात नुकतंच बाजारात आलंय. आपल्याकडे कधी येईल, सांगता येत नाही."

तिनं कपबशी गोळा केली आणि हळूच विचारलं, "बाबाले असंच सांगसान का?"

"का बरं?"

"उद्या कामठीले चालल्या न तुमी, मंग समजन."

कामठी

सर मला कामठी दाखवायला नेणार होतेच, कारण त्यांचा जन्म तिथला. बसमधून उतरल्यावर गल्लीच्या तोंडापासूनच खटखट ऐकू यायला लागली. घराघरांत यंत्रमाग. बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, आणि इथल्या माणसांना त्याची इतकी सवय की आवाज थांबल्यावरही ती ओरडूनच बोलतात. पुण्यात माझ्या शेजाऱ्यांकडे रेडिओ जरा मोठा झाला की मी खिडकी आपटून बंद करते. त्या गल्लीत मला माझीच लाज वाटली.

शालिकदादा, सुजाताचे वडील, यांच्याकडे मात्र एक जुना हातमागही होता. लुगड्याच्या काठावर फुलं आणि मोर विणायचे तर त्यांना तोच लागे. सर सांगत होते, "छप्पनसाली मी लहान होतो. दीक्षेच्या दिवशी दादानं मले खांद्यावर बसवून मैदानावर नेलं. तिथून आल्यावर म्हणाला, मी विणतो, तू शिक. मले शिकवलं त्यानंच." म्हणून भावाच्या शब्दापुढे सर आजही बोलत नाहीत.

मागाच्या वर एक लाकडी यंत्र बसवलं होतं आणि त्यातून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ खाली लोंबत होती. पट्टीपट्टीला भोकं. विणकर त्यांना पत्ते म्हणतात. शालिकदादांनी पायटा, म्हणजे पायाखालची फळी, दाबला, आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडे पळाला, आणि वर एक पत्ता सरकला.

"भोक आहे तिथून सुई जाते अन् थो धागा उचलते," त्यांनी दाखवलं. "भोक नाही, धागा खालीच. एक धोटा, एक पत्ता. माळ फिरून आली का दुसरा मोर सुरू."

मी आ वासून पाहत राहिले. जनुक म्हणजे काय हे समजावायला मी पुण्यात आठवडाभर रंगीत चित्रं काढून घेतली होती, आणि ते सगळं इथे सुतळीला टांगलं होतं. पेशी म्हणजे माग. जनुकं म्हणजे पत्त्यांची माळ. पत्ता सांगेल तसा धागा वर येतो आणि प्रथिन विणलं जातं.

"दादा, या माळेत दुसऱ्या मागाचे पत्ते शिवले तर?"

"तर त्या मागाचं फूल या लुगड्यावर येईन. मागाले काय करायचं, पत्ता कोणाचा होय म्हणून? पत्ता सांगन थे थो विणन."

"आम्ही हेच करतो!" मी जवळजवळ किंचाळले. "जीवाणूच्या माळेत माणसाच्या इन्सुलिनचे पत्ते शिवायचे, आणि तो बिचारा माणसाचं इन्सुलिन विणत बसतो. पत्ते तर आता प्रयोगशाळेत कोरे करकरीत पाडतासुद्धा येतात."

शालिकदादांनी हातमाग थांबवला. "म्हंजे पत्ते तयार झाले?"

"झाले."

"मंग बरोबर आहे माहं," ते म्हणाले. आमच्याबरोबर आलेली सुजाता दाराशी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिचे हात थांबले.

जेवायला वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा होता. जेवताना सगळा उलगडा झाला. सुजाताच्या दंडाच्या गाठी दादांना बघवत नव्हत्या. ती घरी आली की सुई टोचताना तर ते अंगणात निघून जात. सरांचं हस्तपत्रक हाती पडल्यावर त्यांनी ठरवलं: येत्या सोमवारपासून जुनं इन्सुलिन बंद. नवं येईपर्यंत एका वैद्याची कडू भुकटी. अंगाला तेवढाच आराम.

माझा घास हातातच राहिला. "दादा, हे भलतंच. सुई बंद केली तर ती आठवडाभरही..." पुढचं मुलीच्या देखत बोलवेना. "भुकटीनं हा आजार आवरत नाही. नवं औषध कधी येईल कुणालाच माहीत नाही. वर्षं लागतील."

"तुमी भल्या आहा मॅडम, म्हणून असं बोलून राहिल्या. कागदावर तर 'यापुढे' म्हणून छापलं आहे." मग त्यांनी मला अतिशय शांतपणे समजावलं, जसं नवशिक्याला समजावतात. "आमच्यात काय असते, नवीन काठाचे पत्ते सांगतले का जुने त्याच रोजी उतरवा लागते. ताणा, म्हंजे उभं सूत, बांधून ठेवायचा, माग उभा, म्हंजे बंद. नव्याच्या सुतावर कोणी जुनं विणलं तर सूत नासते. मी आजवर नासू देल्लं नाही."

मागाच्या बाबतीत ते अगदी बरोबर होते आणि त्याच बरोबरपणानं ते लेकीला मारायला निघाले होते. मी सरांकडे पाहिलं. सर भाकरीचा तुकडा कुस्करत होते. त्यांनीच छापलेला 'यापुढे', आणि समोर तो भाऊ. परतताना बसमध्ये ते म्हणाले, "मी परवा कामठीले जाऊन बोललो जी दादाशी. आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं मले चहा देल्ला अन् म्हणाला, तू लहान आहेस."

निघताना मी दादांकडून पत्त्यांची एक जुनी माळ मागून घेतली. व्याख्यानाला त्यांनी यावं असंही सांगितलं. येतो म्हणाले. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी फार बोलते, म्हणून बसमध्ये मी सरांना जनुकांवर एवढं ऐकवलं की त्यांनी डोळे मिटून घेतले.

सदर

व्याख्यान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, नागपूरच्या सदर भागातल्या एका सभागृहात. खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या. सावनेरकडच्या कोळसा खाणीतले एक इंजिनिअर पुढच्याच रांगेत हाताची घडी घालून बसले होते. तोंडावर "पाहू काय सांगतात" असा भाव. त्यांच्या शेजारी एक वयस्क डॉक्टर. शालिकदादा धुतलेलं धोतर, काळा कोट घालून अगदी मागे, भिंतीला टेकून उभे. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

दिवे मालवले, पहिली स्लाइड लागली, आणि सभागृहात खसखस पिकली. जीवाणू उलटा. दुसरी स्लाइड, अक्षरं उलटी. प्रोजेक्टरमध्ये स्लाइड उलटीच घालावी लागते तेव्हा पडद्यावर सुलट दिसते. मी ती तशीच लावून ठेवली होती. मेश्राम सरांनी सकाळी डबा उघडून पाहिला, मॅडमच्या हातून प्रवासात चूक झाली असं त्यांना वाटलं, आणि त्या भल्या माणसानं मला न सांगता एकेक स्लाइड निगुतीनं 'सरळ' केली. आता ते प्रोजेक्टरशी घामाघूम उभे होते. पुण्यात असं झालं असतं तर मी त्या माणसाशी वर्षभर बोलले नसते. पण सरांचा चेहरा पाहिला आणि मलाच हसू आलं.

"राहू द्या सर. दिवे लावा," मी म्हटलं. "सुजाता, माळ घेऊन वर ये."

ती पिशवी घेऊन मंचावर आली. आम्ही दोघींनी माळ टेबलावर पसरली. मी सभेला सांगितलं ते थोडक्यात असं. प्रत्येक जिवात अशी माळ असते. आपल्याकडे आता माळ नेमक्या जागी कापणारी कात्री आहे आणि जोडणारी सुईही. ती कात्री आणि सुई आम्ही बनवलेली नाही, जीवाणूंच्याच घरातून उचलून आणली आहे. मी सुतळी कापली, दुसरा पत्ता सुजाताच्या हाती दिला. तिनं तो डोळ्यांसमोर धरला आणि परत केला.

"मॅडम, उलटा देल्ला तुमी."

सभागृह पुन्हा हसलं. "उलटा शिवला तर काय होईल?" मी विचारलं.

"दर मोराले तीच चूक येईन. माळ फिरून फिरून येते न."

"ऐकलंत? शास्त्रज्ञाची चूकही अशीच फिरून फिरून येते," मी म्हटलं, आणि तिनं पत्ता सुलट करून भराभर शिवून टाकला. मला सांगायला हरकत नाही, माझ्या रंगीत स्लाइडनी एवढी टाळी कधीच मिळवली नव्हती.

मग खाणीचे इंजिनिअर उभे राहिले. "बाई, सगळं ठीक. पण लाकडाचा माग पाय उचलला का थांबते. तुमचा हा माग तर जिवंत आहे. एकाचे दोन, दोनाचे चार होते. तो सुटला बाहेर, तर थांबवणार कोण?"

प्रश्न नेमका होता. मी म्हटलं, "ही धास्ती आम्हालाही होती, आहे. म्हणून या कामासाठी मुद्दाम अधू केलेले जीवाणू घेतात. त्यांना जगायला लागणारा एखादा पदार्थ स्वतः बनवताच येत नाही. तो रोज बाहेरून द्यावा लागतो. दिला तर जगतात. बंद केला तर थोड्या वेळात मरतात. जिवंत मागाचं असंच असतं. लाकडाचा माग थांबवून ठेवता येतो, उद्या पुन्हा चालवता येतो. जिवंत माग थांबला म्हणजे संपला."

हे मी जीवाणूंविषयी बोलत होते. खरंच सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. इंजिनिअरांनी मान डोलावली, ते बसले, आणि मी पुढच्या प्रश्नासाठी पाहू लागले. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"बाबा."

सुजाताच्या हातात अजून सुतळीची सुई होती. ती मागच्या भिंतीकडे पाहत होती.

"बाबा, मॅडम म्हणून राहिल्या थो माग म्हंजे मीच आहो. मले बनवता येत नाही, बाहेरून द्या लागते. तुमी म्हणता नवीन येईपर्यंत उभा ठेवू. मी उभी नाही राहू शकत, बाबा. मी मरन."

 तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, रागही नव्हता. उलटा पत्ता परत करताना जसं बोलली होती तसंच ती बोलली. व्याख्यातीनं करू नये ते मी केलं. मी पाठ फिरवून फळा पुसत राहिले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

वळले तेव्हा भिंतीपाशी शालिकदादा नव्हते.

सभा कशीबशी आटोपली. पुढच्या रांगेतले वयस्क डॉक्टर मंचाशी आले. त्यांनी सुजाताचा दंड पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पोरी, एकाच जागी टोचू नकोस, जागा बदलत राहा. अन् जास्त शुद्ध केलेलं डुकराचं इन्सुलिन मिळतं, ते लावून पाहू. सकाळी दवाखान्यात ये. पण एकही दिवस सोडायचा नाही." सुजाता हो म्हणाली. मग विमलताईंनी तिला जवळ ओढलं. "काय वं सुजे, एवढ्या लोकांत बापाले असं बोलतात का?" असं म्हणत त्याच रडायला लागल्या.

दादा घरीही आले नाहीत. कामठीची बस धरून निघून गेले असणार, सर म्हणाले. त्या संध्याकाळी विमलताईंनी पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता. एरवी मी त्यावर पानभर लिहिलं असतं. कुणीच धड जेवलं नाही.

निघताना

सकाळी मी सामान बांधत होते. माळ परत द्यायची म्हणून पिशवीत घातली. सुजाता मडक्यावरचं फडकं ओलं करत होती. दार वाजलं. शालिकदादा. कालचाच काळा कोट. एका हातात संत्र्यांची टोपली, माझ्यासाठी.

 ती खाली ठेवून ते मोरीवर गेले, साबण लावून हात धुतले. कोपरापर्यंत धुतले. मग मडक्यापाशी उकिडवे बसले, बाटली काढली आणि उजेडात धरली.

"सांग गा," ते धाकट्या भावाला म्हणाले, "हे कसं भरतात?"

 मेश्राम सर भावाशेजारी बसले आणि सुई कशी धरायची, हवा कशी काढायची ते सांगू लागले. दादा ऐकत होते. आयुष्यभर तुटलेले धागे सांधलेल्या त्या बोटांनी सुई दोनदा धरून पाहिली.

"बाबा, मी घेतो न माह्या हातानं," सुजाता म्हणाली. "तुमाले पाहवत नाही."

"आता पाहा लागन. इकडे ये. काल कोण्या बाजूनं घेतलं?"

तिनं उजवा दंड दाखवला. त्यांनी डावा हातात घेतला, गाठ नसलेली जागा अंगठ्यानं चाचपून शोधली, आणि अंगणाकडे एकदाही न बघता सुई आत घातली. सुजातानं डोळे मिटले नाहीत. ती वडिलांच्या तोंडाकडे पाहत होती.

सुई काढून त्यांनी बाटली पुन्हा मडक्यात ठेवली आणि फडकं नीट गुंडाळलं. मग मला म्हणाले, "मॅडम, नवं येईन तवा येईन. तवरक हे चालू." मी पिशवीतली माळ काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी सुजातानं शिवलेला पत्ता शोधून काढला, सुतळीची गाठ ओढून पाहिली. गाठ पक्की होती.